पायरीच्या आधीची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी माणूस लहानपणी ऐकतो, तरुणपणी दुसऱ्याला सांगतो आणि पुढे कधीतरी वकिलाच्या कचेरीबाहेर बाकावर बसून आठवतो. म्हणीत खोट नाही. पण तिच्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. बांध कोरला गेला, पैसे अडकले, दिलेला शब्द मोडला, तर शहाण्याने घरी बसून करायचे काय? अलीकडे काही तंट्यांपुरते याचे उत्तर कायद्यानेच देऊ केले आहे. कोर्टाच्या पायरीआधी त्याने आणखी एक पायरी बांधली आहे, आणि तिच्यावर घटकाभर टेकल्याखेरीज पुढचे दार उघडावयाचे नाही, असा दंडक घातला आहे.

ही पायरी मी जवळून पाहिली ती चहाच्या एका दुकानामुळे.

आमच्या दौंड तालुक्यातले वरवंड हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. व्हिक्टोरिया तलावाचे पाणी, भोवती ऊस, हंगामात गुऱ्हाळांचा धूर, आणि आषाढवारीत तुकोबांच्या पालखीचा एका रात्रीचा मुक्काम. पण वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस गावाजवळून जी वारी वाहते ती मोटारींची. या वारीलाही विसावा लागतो, आणि आपल्याकडे विसावा म्हणजे चहा. पूर्वी चहाच्या दुकानाला मालकाच्या कुलदैवताचे नाव असे, नाहीतर ते बिननावाचेच असे. आता पुण्या-मुंबईकडच्या कंपन्यांचे नाव घेऊन दुकान थाटायची रीत पडली आहे. पाटी त्यांची, चव त्यांची, पावडर आणि मसाला त्यांचा. जागा, भांडवल आणि पहाटे चारला उठणे मात्र आपले. याला फ्रँचाइजी म्हणतात. मी त्याला ‘उसने नाव’ म्हणतो. साखर उसनी घेतली तर वाटीभर परत करून मोकळे होता येते. नावाचे तसे नाही. ते दरमहा परत करीत राहावे लागते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने २०१९ साली असे उसने नाव घेतले. बी. ए. झाला होता, नोकरी लागत नव्हती, आणि रस्त्याकडेला घरची थोडी जागा होती. उसाच्या बिलातून साठवलेले पैसे आणि आईच्या पाटल्या मोडून त्याने नावाची फी भरली, अनामत ठेवली, कंपनी सांगेल तशा फरशा बसवल्या आणि कंपनी सांगेल त्या रंगाचे कपडे घालून तो गल्ल्यावर बसला. पहिले काही महिने दुकान उत्तम चालले. मग २०२० चा मार्च आला आणि रस्ताच बंद झाला. दुकानाला कुलूप होते. पण करारात दरमहाची रक्कम ठरलेली होती आणि तिला टाळेबंदी ठाऊक नव्हती. पुढे रस्ता सुरू झाला, गिऱ्हाईक परतले, तोच थोड्याच अंतरावर, शेजारच्या गावच्या शिवेत, त्याच नावाची दुसरी पाटी लागली. याने जाब विचारला. उत्तरादाखल थकबाकीची नोटीस आली. शिवाय तुम्ही बाहेरून चहा पावडर विकत घेता, असा आरोप.

एका रविवारी मायलेक कागदांची पिशवी घेऊन माझ्या घरी आले. मी मराठी शिकवितो. करार इंग्रजीत होता. पण खेड्यात शिकलेल्या माणसाने काय शिकले आहे याची फारशी चौकशी होत नाही.

“सर, ह्यात काय लिवलंय ते आधी सांगा,” माऊली म्हणाली. “सही केली तवा पोरानं शेवटचं पानच बघितलं.”

“आई, तसं नाही गं,” पोरगा म्हणाला, “त्यांनी तोंडी सगळं सांगितलं होतं.”

“तोंडी सांगितलेलं कुठल्या पानावर हाय मग?”

या प्रश्नावर पोरगाही गप्प बसला आणि मीही.

ती तीस-चाळीस पाने मी दोन रात्री वाचली. कायदा मला कळत नाही. पण वाक्य कळते. त्या करारात दुकानदाराच्या नावापुढे सर्वत्र ‘केलेच पाहिजे’ होते आणि कंपनीच्या नावापुढे ‘वाटल्यास करील’ होते. व्याकरणाच्या पुस्तकात क्रियापदाचे आज्ञार्थ, विध्यर्थ असे प्रकार मुले पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. येथे एकाच्या वाट्याला सगळी आज्ञा आणि दुसऱ्याच्या वाट्याला सगळी इच्छा आली होती. ‘या भागात दुसरे दुकान देणार नाही’ असे वचन होते खरे. पण ‘भाग’ म्हणजे काय याची व्याख्या सातव्या पानावर होती, आणि ती गावच्या हद्दीशी थांबत होती. दुसरी पाटी त्या हद्दीपलीकडे होती. मात्र एक कलम मला बरे वाटले. तंटा झाल्यास प्रथम उभयतांनी तीस दिवस आपसात बोलावे, न जमल्यास मध्यस्थाकडे जावे, आणि तेथेही न जमल्यास मगच पुण्याच्या न्यायालयात दावा लावावा, असे त्यात म्हटले होते.

वकीलसाहेबांना ते दाखवले तेव्हा ते हसून म्हणाले, “हे कलम नसते तरी आपल्याला तिकडेच जावे लागले असते.” मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. २०१५ च्या वाणिज्य न्यायालयांच्या कायद्यात व्यापारी तंट्यांची जी यादी आहे तिच्यात फ्रँचाइजीचे करार नाव घेऊन घातलेले आहेत. आरंभी हा कायदा एक कोटी व त्यावरच्या दाव्यांसाठी होता. २०१८ साली ती मर्यादा तीन लाखांवर आणली, म्हणजे तो मोठ्या पेढ्यांच्या माडीवरून उतरून चहाच्या टपरीपर्यंत आला. त्याच वेळी त्यात १२-क हे कलम घातले: तातडीच्या मनाईहुकुमासारखी निकड नसेल तर आधी मध्यस्थी, मग दावा. कित्येक वर्षे हे ‘केलेच पाहिजे’ आहे की ‘केल्यास बरे’ आहे यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. १७ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशनच्या खटल्यात तो वाद मिटवला. हे कलम सक्तीचे आहे, आणि त्या महिन्याच्या २० तारखेपासून मध्यस्थीवाचून आलेला दावा दारातच नाकारला जाईल, असा तो निकाल. निकड असल्याचे नुसते सोंग आणून ही पायरी ओलांडता येणार नाही, हेही त्याच न्यायालयाने पुढे २०२३ मध्ये बजावले.

वकीलसाहेबांना ही सारी नवलाई वाटत होती. मला वाटली नाही. कारण आमच्या या भीमथडीने असली पायरी दीडशे वर्षांपूर्वी चढून पाहिली आहे.

१२ मे १८७५ रोजी येथून जवळच्या सुप्यात, भर बाजारात, कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्या लोकांना हवे होते कागद. कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे. जे कागद त्यांना वाचता येत नव्हते आणि ज्यांवर त्यांचे अंगठे होते, तेच त्यांनी शोधून जाळले. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू केला. त्यात एक तजवीज अशी होती की, शेतकऱ्याविरुद्ध दावा लावायचा तर आधी गावोगाव नेमलेल्या समेट करणाऱ्या गृहस्थापुढे जावे. त्याने दोघांना समोरासमोर बसवावे. आणि समेट झाला नाही असा त्याचा दाखला आणल्यावाचून दिवाणी न्यायालयाने दावा दाखलच करून घेऊ नये. न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे याच कायद्याखालच्या कामाची तपासणी वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून केली. त्यांच्या फिरतीच्या हकीकती रमाबाईंच्या आठवणींत वाचावयास मिळतात.

म्हणजे २०१८ ची पायरी आणि १८७९ ची पायरी एकाच घडणीची आहे. मग ती जुनी पायरी गेली कोठे? कालांतराने ती मागे पडली, आणि मला तिचे कारण ‘दाखला’ या शब्दातच दिसते. सावकार आणि कूळ एका सतरंजीवर बसवता येतात. पण एकाच्या हाती रोखा आणि दुसऱ्याच्या हाती नुसते आठवणे असेल, तर सतरंजी सपाट असूनही बसणारे एका पातळीवर नसतात. अशा बैठकीतून समेट थोडा निघतो आणि दाखले फार निघतात. दाखला मिळवण्यासाठीच माणसे येऊ लागली की पायरीचा जकातनाका होतो.

त्याहीपूर्वी आपल्याकडे गोतसभा होत्या. त्या काळचे न्यायाचे कागद वाचताना एका शब्दापाशी मी दर वेळी थांबतो. तो शब्द ‘राजीनामा’. आज राजीनामा म्हणजे सोडून जाणे. पण त्या कागदांत राजीनामा म्हणजे राजी असल्याचे पत्र: या पंचांपुढे बसण्यास आम्ही राजी आहोत, ते ठरवतील ते मानू, असे वादी-प्रतिवादींनी आधी लिहून द्यायचे. हरणाऱ्याने शेवटी ‘येजितखत’, म्हणजे हार कबूल असल्याचे पत्र, लिहून द्यायचे. गोतसभेला सगळेच न्याय चांगले जमले असे मी म्हणणार नाही. जातीची आणि वतनाची उतरंड तेथेही होतीच. पण बसण्याआधी राजीपणा हवा, एवढे त्या लोकांना पक्के ठाऊक होते. नव्या कायद्याने बसण्याची सक्ती केली आहे. राजीपणाची सक्ती कोणता कायदा करणार?

ही अडचण पुढे आमच्या अनुभवास आली. पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. दावा आठ लाखांचा. त्या वेळच्या नियमांप्रमाणे दहा लाखांपर्यंतच्या दाव्याला मध्यस्थीची फी पंधरा हजार, आणि ती दोघांनी निम्मी-निम्मी भरायची. मुदत तीन महिने. दोघे राजी असल्यास आणखी दोन. हे दिवस दाव्याच्या कालमर्यादेत धरत नाहीत, म्हणून वेळ गेला असे होत नाही. समोरचा पहिल्या नोटिशीला आला नाही तर दुसरी जाते; तरीही न आल्यास ‘मध्यस्थी सुरूच झाली नाही’ असा अहवाल देऊन अर्जदाराला कोर्टाकडे मोकळे करतात. १८७९ चा दाखला तो हाच. पुष्कळ मोठ्या पेढ्या या दाखल्याचीच वाट पाहत घरी बसतात, असे वकीलसाहेब म्हणाले. आमची कंपनी मात्र दुसऱ्या नोटिशीला आली.

आली म्हणजे तिने एक तरुण पाठवला. नीटनेटके कपडे, हातात फाईल, वय आमच्या पोराएवढेच. त्या दिवशी बैठक लवकर आटोपली. बाहेर आल्यावर तो बिचारा आमच्याच शेजारी बाकावर बसला आणि माऊलीने पुढे केलेला थर्मासमधला चहा घेत म्हणाला, “मावशी, मला काही ठरवायचा अधिकारच नाही. वर विचारून सांगतो, एवढंच मी बोलू शकतो.”

त्याचा राग येण्याजोगा नव्हता. पण ज्याला ‘हो’ म्हणता येत नाही त्याच्याशी समेट कसा व्हावा? ऑस्ट्रेलियात फ्रँचाइजीच्या व्यवहारासाठी १९९८ पासून एक आचारसंहिता आहे. तंटा झाला की तेथेही मध्यस्थीला हजर राहावेच लागते. आणि मालकाऐवजी दुसरा कोणी येणार असेल तर त्याला तडजोड करण्याचा अधिकार असला पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. नाहीतर ती हजेरी धरत नाहीत. हे छोटेसे वाक्य ज्याने घातले त्याने अशा बाकावर दिवस काढले असावेत. इटलीनेही २०२३ मध्ये दाव्याआधी सक्तीची मध्यस्थी ज्या तंट्यांत लागते त्यांच्या यादीत फ्रँचाइजीची भर घातली. आपल्याकडे मात्र उलटा विचारही झाला. २०२१ च्या मध्यस्थी विधेयकात बहुतेक सर्व दिवाणी तंट्यांना ही सक्ती लावायची होती. संसदीय समितीने ती मानली नाही, आणि २०२३ च्या कायद्यात मध्यस्थी उभयतांच्या खुशीवर राहिली. व्यापारी तंट्यांचे १२-क तेवढे सक्तीचे उरले.

दुसऱ्या बैठकीला अधिकार असलेले गृहस्थ स्वतः आले. त्या खोलीत काय बोलणे झाले ते मी लिहिणार नाही. मध्यस्थीतले बोलणे गुप्त राहावे, तेथे बोललेला शब्द पुढे कोर्टात कोणाविरुद्ध वापरता येऊ नये, असा नियमच आहे; आणि मी तर दाराबाहेर होतो. पण खोलीत काय गेले ते मी पाहिले आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही गेली. दुकान उघडल्यापासून माऊली रोज रात्री त्या वहीत टिपण ठेवी: पावडर किती आली, किती उरली, दूध किती, कप किती गेले. शिकलेली चौथीपर्यंत, अक्षर मोठे, आकडे स्वच्छ. पालखीच्या मुक्कामाच्या पानावर तर कपांचा आकडा नेहमीच्या पाचपट होता आणि पुढे शेरा होता, ‘माउलींचा चहा, पैशे घेतले नाहीत.’ बाहेरची पावडर वापरल्याचा संशय कंपनीला ज्या महिन्यांत आला होता, त्यांतला एक हाच होता. दुकान बंद असलेल्या दिवसांच्या पानांवर एकच शब्द रोज लिहिलेला होता: ‘कुलूप’.

सुप्याच्या कुणब्यांनी कागद जाळले, कारण सगळे कागद सावकाराचे होते. या बाईने दुसरा कागद तयार केला होता. सतरंजीवरची पातळी त्या वहीने सारखी केली, असे मला वाटते.

आणखी दोन बैठका झाल्या आणि तडजोड झाली. आकडे मी सांगत नाही. सारे पैसे परत मिळाले नाहीत. थकबाकीही साऱ्याची सारी द्यावी लागली नाही. पाटी उतरली. करार संपल्यावर तेथे चहाचाच धंदा करू नये, असे एक कलम होते. ते कंपनीने सोडले, आणि आमच्या दृष्टीने तेच मोठे होते. जागा आपली असून चहा विकायचा नाही, म्हणजे विहीर आपली असून पाणी शेंदायचे नाही, अशी ती गोष्ट झाली असती. अशा तडजोडीच्या कागदाला कायद्याने लवादाच्या निवाड्याचा दर्जा आहे. पाळली नाही तर हुकूमनाम्यासारखी बजावून घेता येते. लवाद निवाडा देतो. मध्यस्थ देत नाही, तो फक्त मध्ये बसतो. तरी त्याच्या खोलीतून निघालेला कागद निवाड्याइतकाच वजनदार ठरतो, ही मला या कायद्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटली.

कोणी म्हणेल, अर्धेच मिळाले, लढायला हवे होते. लढणारे काय मिळवतात तेही पाहावे. मॅकडोनल्ड्स आणि दिल्लीचे विक्रम बक्षी यांची भागीदारी १९९५ ची. २०१३ साली बिनसले. मग कंपनी न्यायाधिकरण, लंडनची लवादी, दिल्लीचे उच्च न्यायालय, २०१७ मध्ये १६९ दुकानांचे करार रद्द, आणि सहा वर्षांनी, २०१९ मध्ये, शेवट कशात? तडजोडीत. पुण्यात बर्गर किंग या नावावरून अमेरिकन कंपनीने २०११ साली एका इराणी दांपत्यावर दावा लावला. तो उसन्या नावाचा नव्हता, नाव कोणाचे याचाच होता. त्याचा निकाल पुण्याच्या न्यायालयात २०२४ साली दांपत्याच्या बाजूने लागला आणि प्रकरण लगेच मुंबईला उच्च न्यायालयात गेले. तेरा वर्षे लढायला ज्यांच्यापाशी बळ आहे त्यांनी जरूर लढावे. ज्याच्या गल्ल्यात उद्याच्या दुधाचे पैसे आहेत, त्याला तेरा वर्षांनी मिळणारा न्याय आणि न मिळालेला न्याय यांत फारसा फरक कळत नाही.

म्हणून या नव्या पायरीला मी नावे ठेवणार नाही. मात्र तिच्यावर फार भरवसाही ठेवू नये. ती दुबळ्याला बळ देत नाही. बोलायला जागा देते, आणि तेथे बोलायचे काय हे ज्याचे त्याने घरून न्यायचे असते. ज्याने करार वाचलेला नाही, ज्याच्यापाशी हिशेब नाही, त्याच्या हाती तेथून दाखलाच पडणार. उसने नाव घेऊ पाहणाऱ्या तरुणांना माझे इतकेच सांगणे आहे: सही करण्याआधी ‘भाग’ या शब्दाची व्याख्या शोधा, दुकान बंद राहिले तर दरमहाची रक्कम कोणी सोसायची ते पाहा, करार संपल्यावर आपल्याच जागेत काय करता येणार नाही ते वाचा, आणि तंट्याच्या कलमात मध्यस्थी कोणत्या गावी व्हायची आणि समोरून कोण यायचे, हे लिहून घ्या. तोंडी सांगितलेले कोणत्या पानावर आहे, हा त्या माऊलीचा प्रश्न प्रत्येकाने विचारावा.

तेथे आता बिननावाचे दुकान आहे. चहा बरा असतो. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यांनी मला बोलावले होते. पाटावर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी नवी वही होती, तिच्यावर हळदीकुंकू वाहिलेले. तिच्याखाली ती जुनी लाल पुठ्ठ्याची वहीही ठेवलेली दिसली. मी तिच्याकडे पाहतो आहे असे पाहून माऊली म्हणाली, “नव्या वहीचं काय सर, ती अजून कोरीच हाय. हिनं काम केलंय.” आणि तिने हळदीकुंकवाची दोन बोटे त्या जुन्या वहीलाही लावली.